रामकलीचा अंगठा आणि माझं इफ

६ जानेवारी, मंगळवार
तिवारीजींनी केबिनमध्ये बोलावलं. प्लँट मॅनेजरने सकाळी सकाळी बोलावलं की आपलंच काहीतरी चुकलेलं असतं, म्हणून वही घेऊनच गेले. चुकलेलं नव्हतं. जाडी मोजायचं नवं मशीन आलंय. कुकरची रिंग त्यावर ठेवली की आठ ठिकाणी जाडी मोजतं आणि आठ आकडे कॉम्प्युटरला देतं. पण रिंग पास की रिजेक्ट हे सांगत नाही. ते आपण सांगायचं, ऑक्टेव्ह नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहून.
"आपने तो मैथ्स में बीएससी किया है न, मैडम?"
केलंय. चोवीस वर्षांपूर्वी. तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटरला एसी होता आणि आम्हाला नव्हता, एवढंच आठवतं. तरी "हो जाएगा सर" म्हणून आले. या तोंडाला काय म्हणावं!

९ जानेवारी, शुक्र.
क्लास लावला. जवाहर चौकात, स्टेशनरीच्या दुकानावर. मंगळ-शुक्र, सहा ते साडेसात. मंडीदीपच्या फॅक्टरीतून येणारी कंपनीची बस तिथेच सोडते, तेवढं बरं. शिकवणारी सना, असेल पंचवीसेक वर्षांची. बाकी सगळी इंजिनिअरिंगची मुलं-मुली. मी कुणाला तरी घ्यायला आलेली आई असेन असं समजून एकाने उठून बाहेरच्या बाकावर जागा करून दिली.
आजचा धडा इफ. म्हणजे जर. जर ही अट खरी, तर हे कर. एल्स, नाहीतर ते कर. शेवटी एंड. मी एंड लिहायला विसरले. कॉम्प्युटर गप्प. मला वाटलं, विचार करतोय. बऱ्याच वेळाने सना आली. "आंटी, एंड तो लिखिए, वो बैठा है इंतज़ार में।"
आंटी जरा लागलं. सेहेचाळीस म्हणजे काही फार नाही.

१० जानेवारी, शनि.
दुपारी रामकलीच्या टेबलाशी उभी राहिले. मशीन जे करणार ते सध्या ती करते. एकोणीस वर्षं. ठेकेदाराच्या माणसांत आहे, म्हणजे आमच्या कुठल्याच यादीत नाही. कटाईच्या टेबलावर ब्लेडने कडेचा फालतू रबर काढला की रिंग तिच्याकडे येते. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरून एकदा गोल फिरवते. डोळे दुसरीकडे, तोंडाने गप्पा चालू, सुनेची तक्रार चालू. मध्येच एक रिंग मागच्या टोपलीत टाकते. का टाकली, हे कुठे लिहीत नाही. कुणी विचारतही नाही.
मी विचारलं, "कैसे पता चलता है?"
"चल जाता है, मैडम।"
हे प्रोग्रॅममध्ये कसं लिहायचं?

१३ जानेवारी, मंगळ.
घोटाळा. जाडी ४.२ ते ४.८ मिलिमीटरमध्ये हवी. मी शाळेत लिहायचो तसं लिहिलं, ४.२ < जाडी < ४.८. चालवलं. ३ टाकलं, पास. ९ टाकलं, पास. ९०० टाकलं, तेही पास. नऊशे मिलिमीटर जाड रिंग म्हणजे कुकर राहील बाजूला, ट्रॅक्टरला लावावी लागेल.
सनाने समजावलं. तो आधी पहिला तुकडा बघतो. ४.२ जाडीपेक्षा कमी आहे का? उत्तर हो किंवा नाही, म्हणजे त्याच्या लेखी १ किंवा ०. मग तो १ किंवा ० हा ४.८ पेक्षा लहान आहे का बघतो. असणारच. म्हणून सगळं पास. दोन अटी वेगवेगळ्या लिहायच्या, मध्ये 'आणि' घालून.
म्हणजे हा एका वेळी एकच गोष्ट बघतो आणि आपल्याला काय म्हणायचंय ते मनात आणत नाही. ठीक. असल्या माणसांबरोबर मी अकरा वर्षं काम केलंय.

१४ जाने., बुध.
संक्रांत. आईचा तिळगूळ. आईने शेजारच्या देशपांडेकाकूंना सांगून टाकलं, आमची मंजू फॅक्टरीत कॉम्प्युटर बसवते आहे. मी म्हटलं, बसवत नाही, इफ लिहिते. आई म्हणाली, "तेच ते."

२० जाने., मंगळ.
फॉर. तेच काम ठरावीक वेळा करायचं. फॉर आय = १ ते ८. पहिली जागा बघ, मग दुसरी, आठवी झाली की थांब. हे मला आवडलं. रामकली रिंग फिरवते ते हेच. बसमध्ये वहीत लिहून काढलं, घरी टाइप केलं, पहिल्या फटक्यात चाललं. आईला उठवून दाखवलं. आई म्हणाली, छान आहे, रंगीत नाही का होत?

२३ जाने., शुक्र.
व्हाइल. अट खरी आहे तोवर करत राहा. किती वेळा ते आधी माहीत नसतं. माझी अट कधी खोटीच होईना. पडदाभर आकडे धावत सुटले. घाबरून मी कॉम्प्युटरचं बटणच दाबलं. सना कपाळाला हात लावून, "आंटी, कंट्रोल और सी! बस कंट्रोल और सी!"
आता पोरंही मला आंटी म्हणायला लागलीत. समोसा आणून देतात. चालेल.
पुढची रिंग ठेवीपर्यंत थांबायला हाच व्हाइल लागणार आहे.

२७ जाने., मंगळ.
तिवारीजींना, म्हणजे ति.ना, प्रोग्रॅम दाखवला. एका रिंगमागे आठ ओळी येतात, जागा एक पास, जागा दोन पास, असं. म्हणाले, "मैडम, ऑपरेटर आठ लाइन पढ़ेगा या काम करेगा? एक रिंग, एक लाइन। पास या रिजेक्ट। आँकड़े भी मत दिखाइए, कन्फ्यूज़ होंगे।"
संध्याकाळी क्लासला विचारलं. सना म्हणाली, अहो, ही भाषाच आकड्यांच्या रांगांसाठी केलेली आहे. आतल्या लूपची गरजच नाही, अख्खी रांग एकदम ताडून बघता येते. तिने फळ्यावर लिहिलं, मी उतरवून घेतलं. शेवटी ती आणखी काहीतरी सांगत होती, पण बस चुकली असती.
घरी आतलं फॉर काढून टाकलं. अकरा ओळींच्या चार झाल्या. इफ जाडी < ४.२, रिजेक्ट. वरच्या बाजूची अटही तशीच. इतकं सुटसुटीत झालं की दोनदा वाचलं. मला माझाच अभिमान वाटला. वाटला तर वाटला.

३० जाने., शुक्र.
तपासणी. जुन्या बिघडलेल्या साच्याच्या दहा रिंगा होत्या, सगळीकडून पातळ. मशीनवर ठेवल्या, दहाही रिजेक्ट. दहा चांगल्या ठेवल्या, दहाही पास. ति.नी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना कचोरी. रामकलीलाही दिली. तिने कागदात बांधून घेतली.

२ फेब्रुवारी, सोम.
आजपासून मशीन. रामकलीला कटाईवर बसवलं. ब्लेड, पाट, समोर रिंगांचा ढीग. तिच्या टोपलीत आता तिच्या नावाची चिठ्ठी असते. म्हणाली, "इत्ते साल में पहली बार नाम लिखा किसी ने।"

११ फेब्रु., बुध.
रामकली हातात एक रिंग घेऊन मशीनपाशी आली. पास झालेल्या टोपलीतून उचललेली. "मैडम, जे एक जगे से पतली है।"
मी ती मशीनवर ठेवली. पास. पुन्हा ठेवली. पास.
"मशीन तो पास बोल रही है।"
"पर मैडम, इते..." अंगठ्याने जागा दाखवत होती.
चार जणं बघत होती. ऑपरेटर हसत होता. मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, "मशीन से ज़्यादा जानती हो क्या?"
रिंग टोपलीत ठेवून गेली. एवढं बोलायला नको होतं. पण मशीन दोनदा पास म्हणालं, मी काय करू?

२० फेब्रु., शुक्र.
क्लासचा शेवट. सनाने सर्टिफिकेट दिलं. पोरांनी सेल्फी काढला, मला मध्ये उभं करून.

२६ फेब्रु., गुरु.
ति. म्हणाले, एप्रिलपासून पीथमपूरच्या युनिटलाही हाच प्रोग्रॅम लावायचा. लावायला मी जायचं. आणि इथे क्वालिटी हेडची जागा रिकामीच आहे, "समझ रही हैं न?"
समजतंय. अकरा वर्षं ती खुर्ची बघतेय. आधी गुप्ता बसले, मग मालकांचा भाचा. आईला सांगितलं. आईने देवापुढे दिवा लावला आणि लगेच नागपूरला मावशीला फोन.

९ मार्च, सोम.
रंगपंचमी काल झाली, अर्ध्या माणसांचे कान अजून हिरवे. विदिशाच्या डीलरकडून खोका परत आला. रिंगांमधून वाफ जाते, शिटी होत नाही. दुपारी सागरच्या डीलरचाही फोन, तीच तक्रार.

१२ मार्च, गुरु.
तिसरा खोका. ति.नी एक रिंग वाकवून उजेडात धरली. एका जागी पातळ. म्हणाले, कटाईत ब्लेड आत जातंय. मशीन तर आठ जागा मोजून पास करतं, म्हणजे मोजायच्या जागा सोडून मध्येच कुठेतरी खरचटतंय. टोपल्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. सगळ्या रामकलीच्या. बोलावलं तिला.
"मैंने नईं काटी साब।"
"तो किसने काटी? मशीन ने?"
ती माझ्याकडे बघत होती. मी रजिस्टरमध्ये बघत होते.
ठेकेदाराला निरोप गेला. एकतीस मार्चला तिचा ठेका संपतो, एप्रिलच्या यादीत नाव घालू नका. मालकांना मेलही गेला, कारण सापडलंय म्हणून.

१३ मार्च, शुक्र.
परत आलेली एक रिंग पर्समध्ये घालून घरी आणलीय. का, ते माहीत नाही. ब्लेडने कापलं तर तिथे ओरखडा दिसतो. हिची पातळ जागा गुळगुळीत आहे.

१६ मार्च, सोम.
ती रिंग व्हर्नियरने हाताने मोजली. एका जागी ३.७. मशीनवर ठेवली. पास. वाटलं, मशीन बिघडलं. मशीनचे आकडे जिथे जमा होतात ती फाइल उघडली. ४.५, ४.४, ४.५, ३.७, ४.४ ...
३.७ तिथे होता. मशीनने नीट मोजला होता. पास मी म्हटलं.
प्रोग्रॅम उघडायचा धीर झाला नाही. आधी चहा केला. मग तोही प्यायले नाही.

१७ मार्च, मंगळ.
क्लास संपलाय तरी सनाकडे गेले. चार ओळी दाखवल्या. तिने दोन सेकंदांत बोट ठेवलं. इफला अख्खी रांग दिली तर रांगेतले सगळेच्या सगळे आकडे अटीत बसले तरच तो आत शिरतो. आठही जागा ४.२ च्या खाली असतील तरच रिजेक्ट. एखादी जागा पातळ असेल, सात असतील, तरी पास. "यहाँ एनी लगता है। कोई एक भी। मैंने उस दिन बताया था न, आप बस के लिए भाग रही थीं।"
मी जानेवारीत तपासलं ते कशावर? सगळीकडून पातळ असलेल्या आणि सगळीकडून चांगल्या रिंगांवर. एका जागी पातळ अशी एकही ठेवली नव्हती. रामकलीने आणून दिली होती, अकरा फेब्रुवारीला. तीही मी तशीच जाऊ दिली.
सनाने विचारलं, "कुछ गड़बड़ हुई क्या आंटी?" म्हटलं, नाही गं, अशीच शंका होती.

१८ मार्च, बुध.
एनी घातलं. एक शब्द, दोन कंस. अर्धं मिनिट लागलं. कुणाला कळलं नाही. कळायचं काही कारण नाही, प्रोग्रॅम माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.
मनाशी ठरवलं, की आता वाईट रिंगा अडतील, खोके यायचे थांबतील, सगळं शांत होईल. मग रामकलीचं हळूच बघू, ठेकेदाराशी बोलू, महिन्याभराने परत घेऊ. आठवडाभराने मला हे वाचून माझी लाज वाटेल हे आत्ताच माहीत आहे, तरी लिहून ठेवते.

१९ मार्च, गुरु.
पाडवा. सुट्टी नाही आमच्याकडे. आईने गुढी गॅलरीत बांधली, मी सहाच्या बसला.
दुपारपर्यंत रिजेक्टची टोपली भरली. दुसरी लावली. ति. येऊन बघून गेले. मला वाटलं विचारतील, आजच एकदम इतक्या कशा? विचारलं नाही. टोपलीतली चिठ्ठी वाचली, म्हणाले, "देखा मैडम? इतना काट रही है। नोटिस मिला है तो अब गुस्से में जान-बूझकर काट रही है।"
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी गपचूप दुरुस्त केलं आणि ते तिच्याच अंगावर गेलं. मोजणी कटाईनंतर होते, त्यामुळे टोपली भरली की दोष ब्लेडचा, आणि ब्लेड तिच्या हातात.
संध्याकाळी श्रीखंड गोड लागलं नाही. आई म्हणाली, वेलची जास्त झाली का?

२० मार्च, शुक्र.
रामकलीला आजपासूनच गेटवरून परत पाठवलं. तिचा डबा आत राहिला होता, तो ऑपरेटरने नेऊन दिला.
मी रिजेक्टच्या दोन्ही टोपल्या खाली ओतल्या. प्रत्येक रिंगच्या आतल्या बाजूला साच्याचा नंबर उठलेला असतो, बारीक. एकेक बघत बसले. तीन, तीन, तीन. एक सात. पुन्हा तीन. मग साच्याच्या खात्यातून तीन नंबरच्या, अजून ब्लेडही न लागलेल्या रिंगा मागून घेतल्या. मोजल्या. सगळ्या एकाच जागी पातळ. साचाच झिजलाय. कटाईच्या आधीच.
कधीपासून? साचेवाल्याला विचारलं. म्हणाला, "बहोत दिन से मैडम, पर रामकली बाई निकाल देती थी न।"
म्हणजे ती कित्येक दिवस तीन नंबरच्या रिंगा न बोलता मागच्या टोपलीत टाकत होती. आम्हाला वाटायचं, साचे उत्तम चाललेत.

२३ मार्च, सोम.
ति.ना साच्याचं सांगितलं. खूष झाले, लगेच साचा काढायला सांगितला. प्रोग्रॅमचं सांगायला तोंड उघडलं तर फोन आला. हे खरं नाही. फोन आला होता, पण पाच मिनिटांत संपला. मी तोवर उठून आले होते.

२४ मार्च, मंगळ.
साचा बदलला तरी रामकली यादीत नाहीच. ति. म्हणतात, साचा खराब असेल, पण मशीन तर फेब्रुवारीभर पास करत होतं, मग त्या रिंगा बाजारात खराब कशा निघाल्या? काही ना काही कटाईत झालंच. "मशीन झूठ थोड़े बोलेगी।"
तर गोष्ट इथे येऊन अडलीय. मी बोलल्याशिवाय तिच्यावरचा ठपका निघत नाही. बोलले तर पीथमपूर नाही, खुर्ची नाही, आणि कदाचित मीही नाही. मला भीती वाटते. घरात कमावणारी मी एकटी, आईचे गुडघे, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण घेणार? हे सगळं खरं आहे. रामकलीचं वय बावन्न, तेही खरं आहे.

२५ मार्च, बुध.
काही नाही.

२७ मार्च, शुक्र.
आईला सांगितलं. मला वाटलं रडेल, नाहीतर मावशीला काय सांगू म्हणेल. भाजी निवडत होती. विचारलं, "त्या बाईला कळलंय का, चूक कुणाची ते?" म्हटलं, नाही. "मग तिला आधी सांग. साहेबाचं नंतर." पुन्हा भाजी.
मला ते पटलं, पण ऐकलं नाही. साहेबाला आधी सांगणं सोपं वाटलं.

३० मार्च, सोम.
हिंदीत अर्ज लिहिला. एक पान. जुनी ओळ, नवी ओळ, त्या फाइलमधल्या सहा रिंगांचे आकडे. खाली, दो फरवरी से अठारह मार्च तक की गलत जाँच मेरे प्रोग्राम के कारण हुई, कटाई का इसमें दोष नहीं है. सही.
ति.नी वाचला. दोनदा वाचला. खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "आपने मुँह से बता दिया, बहुत है। लिखकर मत दीजिए। ऊपर मेल जा चुका है, अब मैं क्या लिखूँ, कि मेरी मशीन डेढ़ महीना सोती रही? एक शब्द की तो बात थी, आपने ठीक कर दिया। पीथमपूर की तैयारी कीजिए।"
"और रामकली?"
"उसको मैं कहीं और बोल दूँगा।"
माणूस वाईट नाही. अर्ज परत माझ्याकडे सरकवला. मी तो उचलला, खाली ऑफिसात जाऊन आवक रजिस्टरला नोंदवला आणि शिक्का मारून घेतला. शिक्का मारताना बाबूने विचारलं, "छुट्टी की अर्ज़ी है?"

३१ मार्च, मंगळ.
शिफ्टनंतर बस सोडली. रामकलीचं घर शोधत गेले, मंडीदीपलाच, रेल्वे लाइनच्या मागे. सून बाहेर भांडी घासत होती. रामकलीने मला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसली. मीही खाली बसले.
सांगितलं सगळं. इफ, रांग, आठ जागा, एनी, काही वगळलं नाही. तिला प्रोग्रॅम कळला नसेल. पण शेवटी म्हटलं, "वो रिंग पतली ही थी। तुम सही थीं। मशीन में ग़लती मैंने लिखी थी।"
वाटलं होतं चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती आपला उजवा हात बघत होती.
"मैडम, आपने दो बेर मशीन पे रखी थी न, तो हमने सोची कि अंगूठा मर गया हमाओ। उमर हो गई। घर में बहू से छुपा के सुई चुभो के देखत थी। फिर अस्पताल गई। डॉक्टर ने भी सुई चुभोई, बोला सब ठीक है अम्मा, काय को आई हो?"
मग विचारलं, "तो अंगूठा ठीक है न?"
"ठीक है," मी म्हटलं. "बिलकुल ठीक है।" सुनेने चहा आणला.
आईचं ऐकायला हवं होतं. हिला आधी सांगायला हवं होतं, अर्जाच्या आधी, साच्याच्या आधी, अकरा फेब्रुवारीलाच.
उद्या सकाळी गेटवर एप्रिलची यादी लागेल. तिला म्हटलं, ये. नाव असेल की नाही माहीत नाही, पण ये.

१ एप्रिल, बुध.
हे गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून लिहितेय, सव्वानऊ वाजलेत. यादी लागलीय. रामकलीचं नाव नाही. दरवान म्हणाला, साब आएँगे तो पूछ लो. बस मला सोडून आत गेली. माझं कार्ड चालतंय, मी पंच केलेलं नाही.
रामकली धुतलेली, ठेवणीतली साडी नेसून आलीय. ति.ना दाखवायला मोजून आणलेल्या चांगल्या-पातळ रिंगा माझ्या पर्समध्ये होत्या, त्यातल्या काही तिच्या हातात दिल्या, नुसतं बसवेना म्हणून. ती एकेक फिरवतेय. डोळे रस्त्याकडे आहेत. दोन बाजूला काढल्या. मी आकडे लिहिलेले कागद बघितले. त्याच दोन.
"जे अच्छी है," तिसरी माझ्या हातात देत म्हणाली.
ति.ची पांढरी गाडी वळणावर दिसतेय. रामकली उठून पदर नीट करतेय. मीही उठते.